दोन मोटारी आणि एक साधारणधर्म

उपमा अलंकार शिकविताना एक गोष्ट आम्हांस दरवर्षी जाणवते. उपमेय, उपमान आणि साम्यवाचक शब्द विद्यार्थ्यांना चटकन सापडतात. साधारणधर्म मात्र त्यांच्या हातून निसटतो. ‘मुख चंद्रासारखे सुंदर’ या ठोकळेबाज उदाहरणात तो ‘सुंदर’ या शब्दाने उघड सांगितलेला असतो, म्हणून तेथे अडचण येत नाही. पण ‘मुख चंद्रासारखे’ एवढेच म्हटले, की चंद्राचे नेमके काय घ्यावयाचे, गोलाई, शीतलता, तेज की डाग, हे ठरविण्याची जबाबदारी वाचकावर येते. शास्त्रकारांनी अशा उपमेला ‘धर्मलुप्ता’ असे नाव दिले आहे. काव्यात हा लोप रसिकाला सुखावतो. व्यवहारातील बहुतेक तुलनाही धर्मलुप्ताच असतात. मात्र तेथे लोपलेला धर्म कोणी आणि कशासाठी लोपविला, हे विचारण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकालाही फारशी नसते. आमचे हे मत ज्या निमित्ताने पक्के झाले ते निमित्त साहित्यातले नव्हे. ते आहे विलायती, महागड्या, वेगवान मोटारींचे.

किहीम हे आमचे आजोळ. चोंढीच्या नाक्यावरून समुद्राकडे वळणारा अरुंद रस्ता, दोन्ही अंगांना वाड्यांचे गडगे, शेवटी सुरूचे बन आणि त्यापलीकडे वाळू, एवढा त्याचा भूगोल. मुंबईहून तेथे जावयाचे तर गेटवेवरून लाँचने मांडव्यास उतरावे आणि पुढे मिळेल त्या वाहनाने जावे, किंवा पेण-वडखळचा वळसा घ्यावा, असे वर्षानुवर्षे चालले होते. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास रो-रो बोट सुरू झाली आणि माणसांबरोबर त्यांच्या मोटारीही समुद्र ओलांडू लागल्या. ज्या मोटारी पूर्वी वरळीच्या काचेआड पाहाव्या लागत, त्या आता शनिवारी सकाळी चोंढीच्या नाक्यावर भाजीच्या टेम्पोमागे उभ्या दिसतात.

आमच्या मामांचा नातू अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. या मोटारींची तुलना करणारा एक तक्ता त्याने वहीत आखला आहे. त्यात मुख्य सामना अ‍ॅस्टन मार्टिन आणि जग्वार या दोन ब्रिटिश घराण्यांचा. एका स्तंभात २००४ साली आलेली अ‍ॅस्टनची डीबी ९, दुसऱ्यात २००६ सालची जग्वारची एक्सके. पहिलीस बारा सिलिंडरांचे सुमारे सहा लिटरचे एंजिन, दुसरीस आठ सिलिंडरांचे ४.२ लिटरचे. पहिलीचा कमाल वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास, दुसरीचा २५० वर मुद्दाम बांधून ठेवलेला. तक्त्याखाली त्याने निकालही लिहून ठेवला होता: अ‍ॅस्टन श्रेष्ठ. “काका, तुम्ही रोज दोन कवींची तुलना करता ना? मग ही करून दाखवा,” असे त्याने आम्हांस सांगितले. आव्हान अस्थानी नव्हते.

त्याच्या तक्त्यातला साधारणधर्म वेग हा होता. त्यात गैर काही नाही. या मोटारींनी आपली नावेच वेगावरून मिळविली आहेत. १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात जग्वारने जी मोटार मांडली तिचे नाव एक्सके १२०, कारण ती ताशी १२० मैल, म्हणजे सुमारे १९३ किलोमीटर, धावेल असा तिच्या निर्मात्यांचा दावा होता. १९६१ सालच्या ई-टाइपसाठी हाच आकडा १५० मैलांवर गेला. फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारने १९५१ ते १९५७ या काळात पाच वेळा बाजी मारली. अ‍ॅस्टनला ते १९५९ साली एकदा साधले. म्हणजे वेगाच्याच मापाने मोजावयाचे, तर कोणते दशक निवडावे यावर निकाल फिरतो. आणि किहीमच्या रस्त्यावर तर हे मापच निकालात निघते. समोरून एस.टी. आली की दोन्ही मोटारींना गडग्याला अंग चिकटवून थांबावे लागते. गतिरोधक आला की त्यांचे पोट खरवडू नये म्हणून चालक त्या तिरक्या करून, गर्भार बाईला पायऱ्या उतरवावे तशा, सावकाश उतरवितो.

तरीही लोक हा न वापरला जाणारा वेग विकत घेतात. यास केवळ दिखाऊपणा म्हणून मोडीत काढणे आम्हांस पटत नाही. शब्दशक्तींचा विचार केलेल्या माणसाला याचा उलगडा व्हावा. या मोटारींचा वेग हा त्यांचा वाच्यार्थ नव्हेच, तो व्यंग्यार्थ आहे. लांब बॉनेट, मागे सरकलेली बैठक, बुटके छत या आकारातून तो सूचित होतो. प्रत्यक्ष धावण्याने तो फक्त सिद्ध होतो. उभ्या मोटारीकडे पाहून ती धावत आहे असे वाटणे, हेच तिच्या घडणाऱ्याने साधलेले असते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९९६ साली ई-टाइप आपल्या संग्रहात घेतली, ती तेथे धावविण्यासाठी खचितच नव्हे.

म्हणून नातवाला आम्ही सुचविले, की वेग बाजूस ठेवून कुळ पाहावे. तौलनिक अभ्यासाची ही जुनी वाट आहे: दोन कृती शेजारी ठेवून प्रथम त्यांचे उगम शोधावेत. उगम शोधताच तक्त्यातल्या दोन स्तंभांमधली रेघ पुसट होऊ लागली. जग्वारचे मूळ १९२२ साली ब्लॅकपूल येथे विल्यम लायन्स यांनी भागीदारीत काढलेल्या कारखान्यात. तेथे मोटरसायकलींना जोडावयाच्या साइडकार बनत. अ‍ॅस्टनची स्थापना १९१३ सालची, परंतु तिच्या ‘डीबी’ मोटारींना आद्याक्षरे देणारे डेव्हिड ब्राउन हे ट्रॅक्टर आणि दंतचक्रे बनविणाऱ्या घराण्यातले. त्यांनी १९४७ साली ती अडचणीत आलेली कंपनी विकत घेतली. दोन्ही घराण्यांच्या मुळाशी असा साधा लोखंडी व्यवहार आहे. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस दोघीही अमेरिकेच्या फोर्ड कंपनीकडे गेल्या आणि एका छताखाली नांदू लागल्या.

त्या नांदण्याचे फळ म्हणजे १९९४ साली विक्रीस आलेली अ‍ॅस्टनची डीबी ७. जग्वारने स्वतःसाठी आखलेली आणि पुढे सोडून दिलेली एका मोटारीची योजना हे तिचे बीज. तिच्या पोटातला सांगाडा जग्वारच्या एक्सजेएसवरून घेतलेला. दोनच वर्षांनी जग्वारची एक्सके ८ आली, तीही त्याच सांगाड्याच्या आधाराने. डीबी ७ ला रूप दिले इयन कॅलम या स्कॉटिश आकारकाराने. त्यांनीच पुढे अ‍ॅस्टनची व्हँक्विश रेखली आणि डीबी ९ ची सुरुवात केली. ती पूर्ण केली हेन्रिक फिस्कर यांनी. दरम्यान १९९९ मध्ये कॅलम जग्वारचे मुख्य आकारकार झाले आणि नातवाच्या तक्त्यातली २००६ ची एक्सके त्यांच्या देखरेखीखाली घडली. तेव्हा ‘जग्वार अ‍ॅस्टनसारखी दिसते’ हा जो आक्षेप तिच्यावर घेतला जातो, तो एका कवीच्या दुसऱ्या संग्रहावर ‘हा पहिल्यासारखा वाटतो’ असा ठपका ठेवण्यासारखा आहे. येथे अनुकरण नाही, हस्ताक्षर आहे.

मग फरक कोठे उरला? काही काळ तो मालकीत होता. २००७ साली फोर्डने अ‍ॅस्टन एका गुंतवणूकदार गटाला विकली, आणि २००८ च्या जूनमध्ये जग्वार, लँड रोव्हरसह, २.३ अब्ज डॉलरांना मुंबईच्या टाटा मोटर्सकडे आली. त्या दिवसांत वर्तमानपत्रे वाचताना आमच्या पिढीच्या मनात जे काही झाले ते नाकारण्यात अर्थ नाही. पुढल्याच वर्षी जग्वार अधिकृतपणे भारतात विकली जाऊ लागली. ‘आपली’ हे विशेषण एका विलायती मोटारीला लागले, आणि तुलनेचा साधारणधर्म एकाएकी स्वाभिमान हा झाला. नातवाच्या वडिलांना आजही जग्वारच श्रेष्ठ वाटते ते या कारणासाठी. त्यांनी ती कधी चालविलेली नाही. पण या मापाचीही एक अडचण आहे. मालक बदलल्याने मोटारीच्या आकारातली एकही रेषा बदलली नव्हती. आणि २०२४ साली जग्वारने आपल्या शेवटच्या एफ-टाइपचे उत्पादन थांबविले, तेव्हा ‘आपली’ म्हणून जिचा अभिमान वाहिला त्या परंपरेचे काय झाले, हे विचारण्याइतकेही कोणी फारसे हळहळले नाही. स्वाभिमानाने केलेली तुलना वस्तूपेक्षा तुलना करणाऱ्याविषयी अधिक सांगते.

या साऱ्या चर्चेत मामा बोलले नव्हते. मामा आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली त्याला सहा वर्षे झाली. चौदाव्या वर्षी ते गिरगावातल्या एका गॅरेजात पोऱ्या म्हणून लागले आणि पुढे चाळीस वर्षे त्यांनी डेंटरचे काम केले. ठोकर खाल्लेला मडगार्ड आतून डॉली धरून बाहेरून हातोडीने पूर्वीच्या आकारावर आणणे, हा त्यांचा धंदा. त्यांच्या तोंडून आम्ही जे ऐकले ते कोणत्याही तक्त्यात आम्हांस सापडले नसते. लोखंडी पत्रा ठोकताना ताणला गेला, तर तो तापवून आणि गार करून पुन्हा आकसता येतो. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला ही सवलत नाही. तो तापताना लाल होऊन सूचना देत नाही, एकदम वितळून खाली पडतो. म्हणून त्याच्यावर पडणारा प्रत्येक घाव आधी मनात ठरलेला असावा लागतो. साठच्या दशकात कोणा संस्थानिकाची एक्सके १२० त्यांच्या गॅरेजात आली होती. या मोटारीच्या पहिल्या सुमारे २४० प्रती अ‍ॅल्युमिनियमच्या, लाकडी चौकटीवर हाताने चढविलेल्या होत्या, पुढच्या पोलादी. आलेली मोटार कोणत्या जातीची, हे मामांनी नुसत्या बोटाच्या टिचकीने ओळखले होते, असे ते सांगतात.

अ‍ॅस्टनच्या १९६३ च्या डीबी ५ चे अंगही असेच. मिलानच्या एका कारागीर-घराण्याची ती पद्धत: बारीक पोलादी नळ्यांचा पिंजरा करावयाचा आणि त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे हाताने आकार देऊन ताणून बसवावयाचे. पद्धतीच्या इटालियन नावाचा अर्थच ‘अतिशय हलकी’ असा आहे. अशा मोटारी हजाराच्या आसपासच बनल्या. ई-टाइप मात्र सत्तर हजारांहून अधिक बनल्या, आणि १९६१ साली तिची इंग्लंडमधली किंमत दोन हजार पौंडांहून थोडी अधिक, म्हणजे समकालीन अ‍ॅस्टनच्या जवळजवळ निम्मी होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे आमच्या मते या दोन घराण्यांतला खरा भेद दिसतो. एका घराण्याने थोड्यांसाठी हाताने घडविले. दुसऱ्याने तोच उन्माद पुष्कळांच्या आवाक्यात येईल अशा किमतीत आणला. एक पोथी, दुसरे छापील पुस्तक. यात श्रेष्ठ कोण, याचे उत्तर आपण वाङ्मयेतिहासातही देत नाही. दोहोंचे कार्य वेगळे मानतो.

मागच्या दिवाळीत शेजारच्या बंगल्यावर आलेल्या पाहुण्यांची एक डीबी ९ आमच्या गडग्याशी सावलीत उभी होती. नातवाने चालकाला विनंती केली आणि मामांना हात धरून नेले. मामांनी चप्पल काढली. पुढच्या चाकावरच्या फुगवट्यापासून त्यांनी तळवा ठेवला तो मागच्या दिव्यापर्यंत न उचलता नेला, मग पुन्हा उलट आणला. “हा ठोकलेला नाही रे, साच्यातला आहे,” ते म्हणाले. “पण पहिला आकार ज्यानं काढला, त्यानं तो हातानं काढलाय. इथं कमरेपाशी बघ, पत्रा श्वास घेतल्यासारखा आत जातो.” कॅलम यांचे नाव मामांनी कधी ऐकले नव्हते. घडविणाऱ्याचा हात हा त्यांचा साधारणधर्म होता आणि तो वापरून त्यांनी एका वाक्यात जी समीक्षा केली, तिला आमच्याजवळ जोड नाही.

त्याच आठवड्यात वाडीसाठी एजंट आला. वाडी वीस गुंठ्यांची: नारळ, पोफळी, दोन जुने आंबे आणि मागच्या कडेला विहीर. सातबाऱ्यावर मामांचे नाव. एजंटाने आकडा सांगितला तेव्हा ओटीवर सगळे गप्प झाले आणि त्या शांततेत कोणीतरी म्हणाले, “म्हणजे एक अ‍ॅस्टन येईल!” हशा पिकला. आम्हांस मात्र त्या वाक्यात धर्मलुप्ता उपमेचे इतके निर्दोष उदाहरण प्रथमच भेटले. वाडी अ‍ॅस्टनसारखी. कोणत्या बाबतीत? सांगितलेले नाही, कारण सांगण्याची गरजच नाही; रुपया हा असा साधारणधर्म आहे, की तो उच्चारावा लागत नाही आणि त्याच्या जोरावर कशाचीही कशाशीही उपमा देता येते. वेगाने फक्त धावणाऱ्या वस्तू मोजता येतात, हाताने फक्त घडलेल्या. रुपयाने विहीर, सावली, मोटार आणि म्हातारपण ही एकाच स्तंभात बसतात. घरावर कर्ज होते. नाकारणे परवडणारे नव्हते.

या किहीमलाच एका निराळ्या तुलनेचा शास्त्रीय अभ्यास झाला आहे. १९३० च्या पावसाळ्यात पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली येथे मुक्कामाला असताना त्यांनी सुगरणींच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. सुगरण म्हणताच मराठी वाचकाला बहिणाबाईंचा खोपा आठवतो, आणि त्या कवितेत तो पिलांसाठी मादी विणते. सालिम अलींनी पाहिले ते असे: खोपा विणतो नर. तो अर्धा विणून झाला की माद्या येऊन विणलेले खोपे एकेक करून तपासतात. एखादीला एखादा खोपा पसंत पडला तर ती तेथे राहते, मग नर तो पूर्ण करतो आणि लगेच दुसरा विणावयास घेतो. म्हणजे सुगरणीच्या घराचा पायाच तुलना हा आहे. ती कशाच्या आधारे निवडते, हे पुढल्या संशोधकांनी तपासले, तेव्हा विणीच्या सफाईपेक्षा खोप्याची जागा तिच्या लेखी अधिक मोलाची ठरते असे दिसून आले. फांदी कोणती, किती उंच, खाली काय, हे ती पाहते. नराच्या कारागिरीचे कौतुक आपण करतो. तिला पिले वाढवावयाची असतात.

आमच्या विहिरीवर झुकलेल्या माडाच्या झावळ्यांना दर पावसाळ्यात खोपे लागतात. गेल्या मार्गशीर्षात रस्त्याकडच्या दहा गुंठ्यांचा व्यवहार झाला. मामांनी सही केली. मोजणीच्या दिवशी ते काठी टेकीत वाडीच्या मध्यापर्यंत गेले. हद्दीची खूण कोठे पडते हे त्यांनी विचारून घेतले, ती विहिरीपासून सात पावले अलीकडे सरकवून घेतली आणि त्याबद्दल आलेली रकमेतली घट मान्य केली. घरात त्यावरून बोलाचाली झाली. ते एवढेच म्हणाले, “रस्त्याकडची जागा मोटारींना लागते, ती त्यांना द्या. विहिरीकडची आपल्याला लागते.” कर्ज फिटले. अ‍ॅस्टन अर्थातच आली नाही; आमच्या आजोळच्या निम्म्या अंगणात उद्या दुसऱ्या कोणाची उभी राहील.

या प्रसंगाकडे आम्ही हळवेपणाने पाहत नाही. ‘आमची वाडी ती आमची वाडी’ असे म्हणून तुलनेतून अंग काढून घेणे सोपे होते. अलंकारशास्त्रात त्याला अनन्वय म्हणतात, जेथे उपमेयच स्वतःचे उपमान होते. पण अनन्वयाने कर्ज फिटत नाही आणि समीक्षाही पुढे जात नाही. तुलना करावीच लागते. मामांनी ती केली, फक्त दुसऱ्याने आणून दिलेला साधारणधर्म संपूर्णपणे स्वीकारला नाही. जेथे जमले तेथे, सात पावलांपुरता का होईना, तो आपल्या हाताने बदलून घेतला.

नातवाच्या तक्त्यात आता तीन स्तंभ वाढले आहेत: आकार कोणी दिला, किती प्रती बनल्या, मूळ सांगाडा कोणाचा. ‘श्रेष्ठ’ हा शब्द त्याने खोडलेला नाही. त्यापुढे कंसात ‘वेगात’ असे लिहिले आहे. आम्हीही एक लहानसा बदल केला. आमच्या प्रश्नपत्रिकांत ‘केशवसुत व बालकवी यांच्या निसर्गदृष्टीची तुलना करा’ अशा धर्तीचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. यंदापासून वर्गातल्या सरावात विद्यार्थ्यांनी उत्तराच्या पहिल्या वाक्यात आपण कोणत्या धर्मावरून तुलना करणार आहोत, तो धर्म आपण निवडला की पाठ्यपुस्तकाने, आणि दुसरा निवडला असता तर काय दिसले असते, हे लिहावे असे आम्ही ठरविले. पहिल्या खेपेस वर्गातल्या बहुतेकांची लेखणी त्या पहिल्या वाक्यापाशीच अडून राहिली. तास संपला तरी काहीजण तेथेच होते, आणि आम्ही त्यांना उठविले नाही.